द्राक्षासवाचे फोटो

अमळनेर, मे अखेर

बाळ्या,

तुझ्या पत्रांना उत्तर नाही, शिव्या राखून ठेव. तब्येती ठीक. माझा गुडघा आहे तसाच. माईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता त्यांना कोपऱ्यातली धूळ दिसते आणि आम्हाला ती ऐकावी लागते.

लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. ताईची चिमी दिंडोरीकडे वाईनरीत आहे, तुला माहीतच आहे. तिथल्या दोघा-तिघांनी मिळून स्वतःचं लेबल काढलंय. दारूची जाहिरात करायला बंदी, पण हॉटेलवाल्यांना दाखवायला यादी लागते, यादीला फोटो लागतात आणि खिशात पैसे नसले की मामा लागतो. रात्री आली, खोकं ठेवलं, पहाटेच्या गाडीने परत. म्हणाली, मोबाइलवरच काढ. दुसऱ्या कशावर काढणार होतो? कॅमेरा विकला तेव्हा तूच गिऱ्हाईक आणलं होतंस.

साने गुरुजींच्या गावात, माळकऱ्याच्या घरात वाईनच्या बाटल्या! हसू नकोस. दारूबंदीच्या राज्यात बसून तू काय काय करतोस ते मला ठाऊक आहे.

बाटलीचा फोटो सोपा वाटतो भो, पण पहिल्या फोटोत तिच्या पोटात मी, माझी बनियन आणि दोरीवरचे कपडे असं सगळं उतरलं. ट्यूब लावली तर काचेवर पांढरी काडी आणि लेबल निळसर. तेव्हा मास्तरांची तांब्याची घागर आठवली. 'घागरीकडे काय बघता, घागरीत काय दिसतंय ते बघा' म्हणून ओरडायचे ना? ओसरीच्या खिडकीला अप्पांचं जुनं धोतर दुहेरी ताणून बांधलं. उजेड एका बाजूने, त्या धोतरातून गाळून आलेला. खांद्यापासून बुडापर्यंत काचेवर एकच मऊ लांब पट्टा. दुसऱ्या अंगाला काळा पुठ्ठा, म्हणजे तिकडची कड उठून दिसते. रेड वाईन नुसती शाईसारखी काळी दिसत होती. मिठाईच्या खोक्याचा सोनेरी कागद बाटलीपेक्षा थोडा लहान कापला, तिच्या मागे लपेल असा तिरपा टेकवला आणि ती आतून लाल पेटली. तू इथे हवा होतास.

मोबाइल जवळ नेला की बाटलीचे खांदे फुगतात आणि बूड निमुळतं होतं. म्हणून मागे सरायचं, दुप्पट झूम, आणि फोन लेबलच्या मध्यावर. लेबलवर बोट दाबून धरलं की फोकस लॉक होतो, मग उजेड खाली ओढायचा, नाहीतर पांढरं लेबल जळतं. पोर्ट्रेट मोड बंद, काच त्याला समजत नाही, गळ्याची कड खाऊन टाकतो. मोबाइल म्हणजे कॅमेरा नव्हे, यावरून भुसावळच्या फलाटावर तू माझ्याशी भांडलास. तेव्हाही चूक होतास, आजही आहेस.

चिमीला व्हाइट वाईनवर दव हवं होतं. मे महिन्यात, आपल्याकडे! हवा इतकी कोरडी की गार बाटलीवर दव धरत नाही, आणि धरलं तरी फोन सावरेपर्यंत वाळतं. लेबल प्लास्टिकने झाकलं, मेडिकलमधून ग्लिसरीन आणून निम्मं पाणी घातलं आणि इस्त्रीच्या फवाऱ्याने मारलं. थेंब दुपारभर हलले नाहीत. गरमीने वाईन फुगून बूच वर येतं म्हणून तिने बजावलं होतं. बाहेर 44 अंश. बाटल्या ठेवल्या माठाखालच्या ओल्या वाळूत, आणि माठावर दिवसभर कोण असतं ते तुला सांगायला नको.

यात्रा आटोपल्यापासून अप्पा रिकामे आहेत. ओसरीत आले. खिडकीवरचं धोतर ओळखलं, बोलले काहीच नाहीत. थोड्या वेळाने उठून काळा पुठ्ठा माझ्या हातातून घेतला. "मी धरस, तुना हात हालस." मग म्हणाले, "द्राक्षासव शे का रे?" मी म्हटलं, द्राक्षांचंच आहे. "चांगली बाटलीमा भरतस आते." एवढंच. पुढे दुपारभर मला सूचना, लेबल वाकडं आहे, जरा डावीकडे फिरव.

बाळ्या, हे औषधातलं द्राक्षासव नव्हे, वाईन आहे, हे त्यांना कळलं की नाही? मिलमधला सगळा इंग्रजी पत्रव्यवहार केलेला माणूस, ती चार इंग्रजी अक्षरं वाचणार नाही? चष्मा डोळ्यांवर होता की कपाळावर, तेच मला आठवत नाही. आणि पुठ्ठा घेऊन ते बाटलीच्या मागच्या अंगाला उभे होते. 'आरोग्यास हानिकारक' ही सूचना मागच्याच लेबलवर असते. ती सगळा वेळ त्यांच्याकडे तोंड करून होती. मिलच्या मैदानातल्या त्या एका बिअरच्या बाटलीवरून तुला वर्षभर आमची पायरी चढू दिली नाही, तोच हा माणूस.

बायको म्हणते, गप्प राहा. पण वारीच्या आधी चिमी छापलेली यादी घेऊन येणार आणि आजोबांच्या पाया पडून ती त्यांच्याच हातात देणार. फोटोखाली माझं नाव घालते म्हणतेय. त्यांना कळलं असेल आणि माझ्यासाठी द्राक्षासव म्हणाले असतील, तर मी आपणहून सांगून त्यांची पंचाईत करणार. कळलं नसेल, तर पाहुण्यांसमोर चिमीच्या तोंडून कळणार. नाव नको म्हणावं, तर तेही जिवावर येतं. लग्नांचे अल्बम करण्यात जन्म गेला, असा एक फोटो हातून उतरला नव्हता. रात्री सगळे झोपले की उघडून बघत बसतो. अप्पा धरून उभे राहिले म्हणून ती कड इतकी स्वच्छ आली, माझा हात खरंच हलतो.

तुझ्या धाकट्याचं ठरलं म्हणे, अभिनंदन. फोटोवाला सुरतेचाच घे, मी जेवायला येईन. दुकानाच्या भाड्याचं काय झालं? वहिनींना नमस्कार.

सांगावं की नाही, एवढं लिहून पाठव. अप्पांना तू माझ्याइतकाच ओळखतोस, कदाचित जास्त, मार तू जास्त खाल्लायस. फोन करू नकोस. कानाने कमी ऐकू येतं म्हणून मी स्पीकरवर घेतो, आणि अप्पा शेजारीच बसलेले असतात. पत्र टाक, तेही घरी नको, दुकानाच्या पत्त्यावर.

तुझा,
नाना