नवरात्राआधी नको, सोनू

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल तू पाठीवर टॅटू आणि कानाच्या वरच्या कडेला टोचून घ्यायचं म्हणालीस आणि मी फोनवर गप्प झाले. रागावले नाही गं. घाईघाईत बोलायचा विषय नव्हता, म्हणून लिहितेय.

दोन्ही जरूर कर. फक्त नवरात्राच्या तोंडावर नको.

बडोद्यात त्या दिवसांत टॅटूवाल्यांकडे रांगा लागतात, मला माहीत आहे. उघड्या पाठीच्या चोळीला ते शोभतंही. पण टॅटू म्हणजे ताजी जखम. सुई शाई कातडीच्या आत १ ते २ मिलिमीटर खोल सोडते आणि वरची कातडी भरायलाच २ ते ४ आठवडे लागतात. त्या पाठीवर रोज रात्री घाम, मैदानातली धूळ, वर चोळीच्या आभल्यांचं घासणं. खपली भिजून अवेळी निघाली की तिच्याबरोबर रंगही जातो, आणि जंतू शिरले तर गरबा राहील बाजूला, अँटिबायोटिक घेत बसशील.

दुखण्याचं विचारलंस. मणक्यावर, बरगड्यांवर, घोट्यावर जास्त दुखतं, कारण तिथे हाडावर मांस नसतं. दंडाच्या बाहेरच्या बाजूला कमी. आधी चरचरतं, मग तासाभराने अंगच कंटाळतं. उपाशी जाऊ नकोस, चक्कर येते. नंतर दिवसातून दोनदा हात धुऊन, बिनवासाच्या सौम्य साबणाने धुवायचं, टिपून कोरडं करायचं, मलम अगदी पातळ लावायचं. खाज सुटेल तेव्हा नखं लावायची नाहीत. सगळ्यात अवघड हेच आहे.

पण मला खरी काळजी कानाची आहे. तू बाराव्या दिवसाची असताना घडियाळी पोळातल्या सोनाराने तुझे कान टोचले आणि ते सहज भरले, कारण कानाची पाळी मऊ मांसाची असते. वरची कड कूर्चेची, म्हणजे मऊ लवचिक हाडाची. तिला रक्तपुरवठा कमी, म्हणून भरायला ६ महिने ते वर्ष लागतं आणि आत पू झाला तर कानाचा आकारच बिघडू शकतो. आजीने बुगडीसाठी तिथेच टोचून घेतलं होतं. भोकाशी बोराएवढी गाठ आली ती कायमची राहिली. डॉक्टर तिला केलॉइड, म्हणजे जखमेवर वाढलेला फुगीर वण, म्हणाले, आणि ही प्रवृत्ती घराण्यात चालते. तुझ्या दंडावरचा बीसीजी लशीचा वण सपाट आहे, तिथे तशी गाठ आली नाही, एवढा दिलासा आहे. तरी त्वचेच्या डॉक्टरांना एकदा दाखवूनच टोच.

कान टोचायच्या गनने मुळीच नाही. बोथट स्टड कूर्चा चेपत आत जातो आणि प्लॅस्टिकची गन ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात, घालता येत नाही. पोकळ सुईच हवी, दागिना टायटॅनियमचा. स्वस्त धातूत निकेल असतं, तुला तर घड्याळाच्या पट्ट्यानेही पुरळ येतं. टोचताना क्षणभर कळ येते, ठणका मात्र काही दिवस राहतो, त्या कुशीवर झोपता येत नाही. रोज निर्जंतुक सलाइनने पुसायचं. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड नको, रिंग फिरवणं नको, आणि आजी प्रेमाने हळद-खोबरेल घेऊन आली तरी हात जोडून नाही म्हण. लाली पसरत गेली, पू आला, ताप आला तर लगेच डॉक्टरांकडे जा. रिंग आपल्या मनाने काढू नकोस, भोक मिटून पू आत कोंडतो.

आणखी एक. टॅटू किंवा टोचल्यानंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही. कॉलेजच्या शिबिरात तू दरवर्षी देतेस, तर यंदाचं आधी देऊन ये. हिपॅटायटिस बीच्या लशीचे तिन्ही डोस झालेत का, ते मी तुझ्या जुन्या कार्डावर पाहून कळवते.

कोजागरी झाली की ये, मीही बरोबर येईन. सुई आपल्यासमोर बंद पाकिटातून काढली नाही, शाई नव्या कपात ओतली नाही, तर पैसे भरले असले तरी आपण दोघी उठून येऊ.

तुझी,
आई