टक्क्याशेजारी फूटपट्टीही छापा

माननीय संपादक,

जागतिक बँकेच्या हिशोबाने देशातली अतिगरिबी 2011-12 मधल्या 27.1 टक्क्यांवरून 2022-23 मध्ये 5.3 टक्क्यांवर आली, हा आकडा हल्ली भाषणांत आणि अग्रलेखांत सारखा भेटतो. तो खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. पण तो माणशी रोज तीन डॉलरच्या रेषेवरचा आहे (हे डॉलर बाजारात बदलून मिळणारे नव्हेत, भारतातल्या आणि अमेरिकेतल्या किमती जुळवून काढलेले). आपल्या उत्पन्नगटातल्या देशांसाठी त्याच बँकेची 4.20 डॉलरची दुसरी रेषा आहे. तिच्याखाली जवळपास 24 टक्के लोक येतात. देश तोच, वर्षही तेच.

मी हे लिहिते कारण एका यादीसाठी मी स्वतः दारोदार फिरले आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांच्या 2002 च्या सर्वेक्षणात आम्हा शिक्षकांच्या हातात तेरा प्रश्नांचा तक्ता होता. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण बावन्न. जमीन किती, घर कसलं, वर्षातला बहुतेक काळ दिवसातून किती वेळा पोटभर जेवण मिळतं. घरात फ्रीज असला की त्या प्रश्नाचे चारही गुण. आणि कपडे: माणशी किती नग? दोनपेक्षा कमी असतील तर शून्य, दोन-तीन असतील तर एक.

माण तालुक्यातल्या एका वस्तीवर हा प्रश्न विचारला, तेव्हा त्या बाईने मलाच विचारलं, “बाई, अंगावरचं धरून सांगू का सोडून?” साडी-पोलकं एक नग धरायचं की दोन, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी खाली मान घालून ‘दोन’ लिहिलं. बरं, राज्यात गरीब किती धरायचे याचा अंदाज नियोजन आयोगाने 1999-2000 च्या आकडेवारीवरून आधीच बांधून दिला होता. यादी त्यात बसवायची होती. माझ्या त्या एका गुणाने तिचं काय झालं, ते मी नंतर विचारायला गेले नाही.

पुढे मुलीकडे जर्मनीत, स्टुटगार्टला, तीन महिने राहिले. खालच्या मजल्यावर एक आजी, एकट्या, पेन्शनवर. त्या तिथल्या सरकारी व्याख्येत गरिबीच्या कडेवर! घर उबदार, फ्रीज, वॉशिंग मशीन. मला हसूच आलं. मुलीने समजावलं की युरोपात देशातल्या मधल्या माणसाच्या उत्पन्नाच्या 60 टक्क्यांखाली गेलात की त्या मोजणीत येता. शिवाय वंचितता मोजायला वेगळे प्रश्न आहेत, योगायोगाने तेही तेराच. पायात नीट बसणारे दोन जोड आहेत का? वर्षातून आठवडाभर बाहेरगावी जाता येतं का? महिन्यातून एकदा मित्र-नातेवाइकांबरोबर खाणंपिणं परवडतं का? सात गोष्टी परवडत नसल्या की तीव्र वंचित.

त्या आजींना मी पोह्यांना बोलावलं, तर काही ना काही कारण काढून टाळत राहिल्या. उलट बोलावणं करावं लागेल, म्हणून. मला हळदीकुंकवाला कधीच न आलेली आमच्या आळीतली एक शेजारीण आठवली. घरी तिला कुणाला वाण देता येत नसे. आमच्या तक्त्यात हा प्रश्न नव्हता.

अमेरिकेचं आणखी निराळं. 1963-64 च्या सुमारास मॉली ऑर्शान्स्की या सरकारी खात्यातल्या बाईंनी किमान जेवणखर्चाची तिप्पट म्हणजे दारिद्र्यरेषा असा हिशोब मांडला. महागाई चढवत तोच आजवर चालू आहे, घरभाडं कुठल्या कुठे गेलं तरी.

तेव्हा विनंती एवढीच, की गरिबीचा टक्का छापाल तेव्हा शेजारी एक छोटी चौकट द्या: रेषा कुणाची, कितीची, कोणत्या वर्षाच्या किमतींवर आणि काय काय विचारून काढलेली. चार ओळींत मावेल. आमच्या तक्त्यातले तेरा प्रश्न तर एका पानावर मावले होते.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, म्हसवड (जि. सातारा)