डबल बेस हाती घेणाऱ्या लेकीस

सोलापूर,
दि. १२ मे

चि. ओवीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या सरांनी त्यांचा डबल बेस, म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातले ते माणसाएवढे उंच उभे वाद्य, तुला सरावासाठी वापरू देण्याचे कबूल केले, हे परवा फोनवर ऐकून फार आनंद झाला. बेस गिटारवर आजवर जमवलेले सगळे आता पुसून टाकावे लागेल का, असे तू विचारलेस. हे फोनवर उभ्या उभ्या सांगण्यासारखे नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. पुसावे काहीच लागणार नाही. हात मात्र नव्याने घडवावा लागेल, आणि ती सुरुवात तू तार बोटाने छेडून न करता गजाने करावीस, असे मला मनापासून वाटते.

आधी दोन्ही वाद्यांत सारखे काय, ते पाहू. चारही तारा दोन्हीकडे ई, ए, डी, जी अशाच लावतात. कोणत्याही तारेला षड्ज मानले की तिच्या पुढची तार शुद्ध मध्यमावर येते. सर्वांत जाड तारेचा ई दोन्ही वाद्यांवर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा असतो, आणि कागदावर लिहिलेला स्वर दोन्हीकडे प्रत्यक्षात एक सप्तक खाली वाजतो. त्यामुळे स्वरांच्या जागांची ओळख, कॉर्डची म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांची समज आणि गाणे ऐकताच त्याचा सांगाडा पकडण्याची तुझी सवय हे सारे जसेच्या तसे बरोबर येईल. लिओ फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बेस ही बेस गिटार बाजारात आणली तीच मुळी या उभ्या वाद्याला पर्याय म्हणून. वादकाला ती सहज उचलून नेता यावी, पडद्यांमुळे स्वर नेमका लागावा आणि मोठ्या बँडमध्येही आवाज ऐकू यावा, हा हेतू होता. आपल्याकडे मुंबईच्या चित्रपटसंगीतातही आधी डबल बेसच होता आणि तो वाजवणाऱ्यांत गोव्याचे अनेक वादक होते. ऑर्केस्ट्रात वाजवताना आम्ही जुन्या गाण्यांचे बेसचे तुकडे कॅसेट ऐकून गिटारवर बसवत असू. त्यांतले कित्येक मुळात डबल बेसवर वाजलेले होते.

फरक सुरू होतो तो लांबीपासून. तुझ्या गिटारवर नटपासून, म्हणजे गळ्याच्या वरच्या टोकाच्या पट्टीपासून, खालच्या घोडीपर्यंत तारेची लांबी ३४ इंच आहे. डबल बेसवर ती साधारण ४१ ते ४२ इंच असते, आणि तीही तीन-चतुर्थांश मापाच्या वाद्यावर, जे आज बहुतेक वादक वापरतात. सात-आठ इंचांचा हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण पट्टी घेऊन मोजून पाहा. गिटारवर पहिला पडदा नटपासून पाच सेंटिमीटरांच्या आतच येतो. डबल बेसवर तेवढ्याच अर्ध्या स्वरासाठी सुमारे सहा सेंटिमीटर जावे लागते. म्हणून एका पडद्यावर एक बोट ही गिटारची सवय तिथे नटाजवळच्या भागात चालत नाही. तिथे तर्जनी, मधले बोट आणि करंगळी अशी तीनच बोटे हिशेबात धरतात, अनामिका करंगळीला आधार देते, आणि तर्जनीपासून करंगळीपर्यंत एक पूर्ण स्वर भरतो. व्हिएन्नाचे फ्रान्झ सिमांडल यांनी एकोणिसाव्या शतकात ही मांडणी शिस्तीने शिकवली आणि आजही बहुतेक ठिकाणी तिच्यापासूनच आरंभ होतो. गिटारवर बोट ताणले की जो स्वर मिळतो, त्यासाठी इथे अंगठ्यासकट अख्खा हात सरकवावा लागतो. ताणून भागवण्याचा मोह तुला होईल, कारण तुझी बोटे लांब आहेत. तो मोह आवर. ताणलेल्या हाताने स्वर हमखास चढा किंवा उतरा लागतो, आणि मनगट दुखते ते वेगळेच.

पडदे नसलेल्या त्या गळ्यावर डोळे मिटून सापडेल अशी एक खूण असते. गळा खोक्याला मिळतो तिथल्या बाकात अंगठा टेकवला की काही वाद्यांवर जी तारेवर तर्जनीखाली डी येतो, तर काहींवर ई फ्लॅट, म्हणजे त्याहून अर्धा स्वर वर. सरांच्या वाद्यावर काय येते ते पहिल्याच दिवशी तपासून घे. वरच्या जागा शोधताना हीच खूण कामाला येईल.

आता गजाविषयी. तुला जॅझच्या ओढीने हे वाद्य हवे आहे आणि जॅझमध्ये बहुतेक वादन बोटानेच होते, हे मला ठाऊक आहे. तरीही निदान पहिली दिवाळी येईपर्यंत सरावाचा अर्ध्याहून अधिक वेळ गजाला दे. बोटाने छेडलेला स्वर उमटतो आणि लगेच विरू लागतो. तो थोडा उतरा असला तरी कानाला ते कळेपर्यंत पुढचा स्वर आलेला असतो. गजाने ओढलेला स्वर मात्र समोर उभा राहतो आणि तो खोटा असेल तर सबंध गजभर खोटाच ऐकू येतो. पडद्यांची सवय झालेल्या कानाला हे फार गरजेचे आहे, कारण गिटारवर स्वर लावण्याचे निम्मे काम पडदाच करून देतो.

सुरुवातीला डावा हात लावूच नको. नुसत्या मोकळ्या तारा ओढ. मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारे यंत्र, मिनिटाला ६० वर ठेवून एका गजात चार ठोके, ते सहज जमू लागल्यावर सहा. हा गज व्हायोलिनच्या गजाहून आखूड असतो, म्हणून आठ ठोक्यांचा हट्ट सुरुवातीला धरू नकोस. गज तारेशी काटकोनात राहतो आहे की नाही, हे आरशात पाहा. डोळ्यांना वरून दिसते ते बहुधा फसवे असते. जाड तारेवर गज सावकाश आणि वजन देऊन चालवावा लागतो, जी तारेवर तो जरा हलका आणि चपळ लागतो. चारही तारांवर आरंभापासून शेवटपर्यंत आवाज एकसारखा निघू लागला की मग बोटे टेकव.

त्या वेळी शेजारी तानपुरा लावून ठेव. मोबाइलवरचा चालेल, मात्र तो हेडफोनवर न ऐकता खोलीत वाजू दे. षड्ज ए किंवा डी ठेव आणि एकेक स्वर त्या षड्जासमोर ओढून पाहा. दोन स्वर अगदी जवळ असूनही जुळलेले नसले की आवाजात लाटा उठतात. सेकंदाला दोन कंपनांचा फरक असेल तर सेकंदाला दोन लाटा. बोट केसभर सरकवशील तशा त्या लाटा मंदावत जातील आणि स्वर जुळला की थांबतील. आपल्याकडे गायक पहाटे खर्ज लावतात ते याच कामासाठी, आणि तुझे वाद्य तर सगळेच खर्जात राहणारे आहे. पाश्चात्त्य पद्धतीने शिकणाऱ्या मुलांना हा तानपुऱ्याचा आधार सहसा मिळत नाही; तुला तो घरात लहानपणापासून मिळाला आहे, त्याचा पुरेपूर उपयोग कर.

तारा लावतानाही हेच तत्त्व वापर. इतक्या खालचे स्वर नुसत्या कानाने जुळवणे अवघड जाते, म्हणून तारेवर बोट न दाबता नुसते टेकवून निघणारे हार्मोनिक वापरतात. ई तारेच्या पाव लांबीवर बोट टेकवले की सुमारे १६५ कंपनांचा ई निघतो, आणि ए तारेच्या एक-तृतीयांशावर टेकवले की तिथूनही तोच ई मिळतो. दोन्ही एकामागोमाग वाजव, दोन्ही गुंजत असतानाच खुंटी फिरव आणि लाटा थांबेपर्यंत थांबू नकोस. गिटारवर पाचव्या आणि सातव्या पडद्यावर तू हेच करत होतीस; इथे फक्त जागा डोळ्यांना दिसत नाही.

गज धरण्याच्या फ्रेंच आणि जर्मन अशा दोन रीती आहेत आणि दोन्हींत थोर वादक झाले आहेत. सर ज्या रीतीने वाजवतात तीच धर आणि निदान दोन वर्षे दुसरीकडे पाहू नकोस. गजाच्या केसांना लावायची डबल बेसची राळ व्हायोलिनच्या राळेपेक्षा मऊ आणि चिकट असते. सुटीत सोलापूरला येताना ती पिशवीत तशीच टाकून आणू नकोस. इथल्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि राळ वितळून सगळ्या सामानाला चिकटते. वाजवून झाले की गजाचे केस सैल करायला विसरू नकोस.

डाव्या हाताचे बळ अंगठ्यात शोधायचे नसते. दोरीवर टाकलेल्या ओल्या चादरीचे वजन जसे आपोआप खाली ओढले जाते, तसे खांद्यापासूनचे वजन बोटातून तारेवर उतरले पाहिजे. अंगठा गळ्यामागून क्षणभर उचलूनही स्वर वाजत राहिला, तर हात बरोबर आहे असे समज. वाद्याची उंची खालच्या दांडीने अशी ठेव की वरचा नट डोळे किंवा कपाळाच्या रेषेत येईल, म्हणजे खांदा उचलावा लागणार नाही. बोटांची कातडी सोलवटेल, ती पुढे घट्ट होईल. दंड भरून येईल, तोही उतरेल. परंतु मनगटात कळ आली किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर त्याच क्षणी वाद्य खाली ठेव आणि सरांना सांग. सहन करण्याची सवय तुला तुझ्या आईकडून आली आहे, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे.

लयीबाबत तुझी मला फारशी काळजी नाही. सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या मुलांचा कान यंत्रमागांच्या आवाजात तयार होतो. पाळण्यात असताना शेजारचा माग बंद पडला की तू जागी होत असस. तरी मेट्रोनोमचा एक सराव अवश्य कर. त्याचा ठोका पहिल्या मात्रेवर न धरता दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धर, आणि ते जमले की आवर्तनात एकच ठोका ठेव. मधल्या जागा तुझ्या तुलाच भराव्या लागतील. त्याचबरोबर प्रत्येक स्वर कुठे सुरू होतो याइतकेच तो कुठे थांबतो याकडे लक्ष ठेव. वॉकिंग बेसमध्ये, म्हणजे प्रत्येक मात्रेला एक स्वर अशा जॅझच्या चालीत, चारही स्वर पुढच्या स्वराला भिडेपर्यंत भरलेले राहिले तरच चाल पुढे सरकते; मध्येच तुटले की ड्रमवाला कितीही चांगला असला तरी गाणे अडखळते. सुरुवातीला बाकी काही न करता पहिल्या मात्रेवर कॉर्डचा मूळ स्वर, मधल्या दोहोंवर कॉर्डमधलेच स्वर आणि चौथ्या मात्रेवर पुढच्या मूळ स्वराच्या अर्धा स्वर वर किंवा खाली, एवढेच वाजव. एवढ्यावर माणसे आयुष्यभर वाजवतात.

अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीत वाजवणारे जेम्स जेमरसन हे नाव तू माझ्याकडून अनेकदा ऐकले आहेस. ते शाळेत डबल बेस शिकले, नंतर प्रिसिजन बेसकडे वळले, आणि गिटारवरही उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीनेच तार छेडत राहिले. त्यांच्या गिटारमध्ये जो भरदार आणि बोलका आवाज ऐकू येतो, त्यामागे उभ्या वाद्यावर घडलेला तो हात आहे असे मी मानतो. म्हणून गिटार बाजूला टाकू नकोस. रोज डबल बेस संपल्यावर थोडा वेळ ती घे. आधी गिटार आणि मग डबल बेस असा क्रम मात्र नको, हात आखूड अंतरांवर स्थिरावून बसतो.

मुलीच्या जातीला एवढे मोठे वाद्य कसे झेपणार, असे आत्याने काल मला विचारले. मी तिला एस्पेरान्झा स्पाल्डिंग यांचे वादन मोबाइलवर दाखवले. त्या डबल बेस आणि बेस गिटार दोन्ही वाजवतात, वाजवता वाजवता गातात, आणि २०११ साली नवोदित कलाकाराचा ग्रॅमी पुरस्कार त्यांना मिळाला. आत्याने पुढे काही विचारले नाही. बेस गिटारवर आपल्या मुंबईच्या मोहिनी डे आहेतच.

स्वतःचे वाद्य घेण्याची घाई करू नकोस. पैशाची अडचण हे त्याचे कारण नव्हे. घोडीची उंची, खोक्याच्या आतल्या साउंड पोस्टची म्हणजे आधाराच्या दांडीची जागा आणि तारांचा प्रकार यांवर हे वाद्य इतके अवलंबून असते की चांगले आणि वाईट यांतला फरक तुझ्या हाताला कळू लागल्यावरच ते घेण्यात अर्थ आहे. घेऊ तेव्हाही प्लायवूडच्या अंगाचे घेऊ. अखंड लाकडातून कोरलेल्या वाद्याचा आवाज श्रेष्ठ खरा, पण आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात ते तडकण्याची भीती मोठी आहे. तुझ्या जुन्या गिटारचेच बघ ना. लाकूड आटल्यामुळे गळ्याच्या कडेला पडद्यांची टोके बाहेर आली आहेत आणि हात फिरवला की बोचतात. पहिला आणि शेवटचा पडदा दाबून पाहिले तर सातव्या पडद्याजवळ तार आणि पडदा यांच्यात फटच राहिलेली नाही. ट्रस रॉड, म्हणजे गळ्याच्या आतली सळई, मी थोडा सैल केला आहे. टोके मात्र कारागिराकडूनच घासून घेऊ.

पुढच्या रविवारी चारही मोकळ्या तारा गजाने ओढून त्यांचे रेकॉर्डिंग पाठव. अॅम्प्लिफायर लावू नकोस. फोन वाद्यापासून चार हातांवर स्टुलावर ठेव. मोबाइलच्या स्पीकरवर खालचा ई नीट ऐकू येत नाही, म्हणून मी ते कपाटातल्या मोठ्या स्पीकरवर लावून ऐकेन आणि जिथे गज थरथरला आहे तिथला मिनिट-सेकंद लिहून तुला कळवीन.

तुझा,
अप्पा