मजुरी सूर्य मावळण्याआधी

संपादक महोदय,
स. न.

धर्मग्रंथांतली वचने फ्रेम करून भिंतीवर लावण्यापलीकडे कशाला उपयोगी पडतात, असा प्रश्न गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका वाचकाने विचारला होता. मी ख्रिस्ती आहे आणि अहिल्यानगरात छोटी घरे, कंपाउंड, दुरुस्ती अशी कामे घेणारा ठेकेदार आहे. माझ्या धंद्यापुरते उत्तर मला देता येईल.

पवित्र शास्त्रात लेवीय नावाचे पुस्तक आहे. त्याच्या एकोणिसाव्या अध्यायात आज्ञा आहे, की मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत स्वतःजवळ ठेवू नये. शेजाऱ्यावर जुलूम करू नको, त्याला लुबाडू नको, हेही त्याच वचनात आहे. म्हणजे एका रात्रीपुरती मजुरी अडकवली तरी शास्त्र ते लुबाडणुकीतच धरते. ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात हीच आज्ञा कारणासकट येते: मजूर आपला भाऊबंद असो की आपल्या गावात राहणारा परका, सूर्य मावळण्याआधी त्याचे पैसे द्या, कारण तो गरीब आहे आणि त्याचा सगळा जीव त्या पैशांत अडकलेला असतो. येशूच्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यातही संध्याकाळ झाल्याबरोबर मालक कारभाऱ्याला मजुरी वाटायला लावतो. या दाखल्यावर देवाच्या कृपेविषयी प्रवचने होतात, आणि व्हायलाच हवीत. पण ती संध्याकाळही मला तितकीच महत्त्वाची वाटते.

आता आमच्या धंद्यात काय चालते ते सांगतो. घरमालक टप्प्याटप्प्याने पैसे देतो: जोते झाले की काही, स्लॅब पडला की काही, प्लास्टर झाले की काही. मालकाचा हप्ता लांबला की ठेकेदार हात आखडतो आणि सगळ्यात आधी मजुराचे पैसे थांबवतो. सिमेंटवाल्याचे थांबवत नाही, कारण तो दुसऱ्या दिवशी माल बंद करतो. वाळूवाल्याचे, सेंट्रिंगच्या प्लेटा भाड्याने देणाऱ्याचेही थांबवत नाही. बिगाऱ्याला काहीच बंद करता येत नाही, म्हणून त्याचे थांबते. याखेरीज माणूस काम सोडून जाऊ नये म्हणून एक आठवडा दाबून ठेवायची रीत आहेच. परभणी-नांदेडकडून किंवा मध्य प्रदेशातून आलेल्या माणसांच्या बाबतीत तर ती सर्रास चालते. शास्त्रात ‘परका’ म्हटले आहे, तो हाच माणूस.

मी हा क्रम उलटा लावला आहे. चार आठवड्यांची मजुरी मालकाकडून आधी हातात आल्याशिवाय मी पाया खोदायला घेत नाही. ती रक्कम वेगळ्या खात्यात राहते आणि सिमेंटला कमी पडले तरी तिला हात लागत नाही. दुकानदाराला मी उधारी मागू शकतो, त्याच्या घरी रात्री चूल पेटायची थांबत नाही. या अटीमुळे काही कामे हातची जातात. जाऊ देतो.

पैसे देण्याच्या पद्धतीवरही बरेच काही अवलंबून असते, हे बाहेरच्या माणसाला चटकन लक्षात येत नाही. मुकादमाच्या हातात पाचशेच्या नोटांची गड्डी दिली की तो वाटणी करतो, आणि वाटणीत कुणाचे तरी कापले जाते. मी बँकेतून सुट्ट्या नोटा आणतो आणि हजेरीच्या वहीतले नाव वाचून ज्याची मजुरी त्याच्या हातात देतो. नवरा-बायको दोघे कामावर असतील, तर बाईचे पैसे बाईच्याच हातात. मोबाइलवरून पाठवणे सोपे आहे, पण बऱ्याचदा फोन नवऱ्याचा आणि खातेही नवऱ्याचे. दिवसभर घमेली वाहिलेल्या बाईला मग किराणा दुकानात उभे राहून त्याची वाट पाहावी लागते. संध्याकाळी पैसे मिळालेली बाई साइटवरून थेट तेलाची पिशवी, पीठ आणि असल्यास पोराचे औषध घेऊन घरी जाते. दोन दिवस उशीर झाला, की तीच खरेदी उधारीच्या वहीवर चढते.

माझी आई १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. पगाराचा दिवस पुढे गेला की घरात सुकडीवर दिवस काढायचे, हे तिने आम्हाला पुष्कळदा सांगितले. नगर जिल्ह्यातल्या आम्हा बहुतेक ख्रिस्ती कुटुंबांच्या मागे अशीच एखादी मजूर आजी किंवा आई आहे. म्हणून आमच्या मंडळ्यांकडून, म्हणजे चर्चकडून, माझी अपेक्षा जास्त आहे. एका मंडळीच्या सभागृहाची दुरुस्ती झाली तेव्हा काम पुरे होऊनही मजुरांना दीड महिना थांबावे लागले, कारण धनादेशावर दोन सह्या लागत होत्या आणि खजिनदार परगावी होते. त्याच काळात उपासनेत याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय वाचला गेला. शेत कापणाऱ्यांची अडकवलेली मजुरी ओरडते आहे आणि त्यांचा आक्रोश प्रभूच्या कानी गेला आहे, असे त्यात आहे. मी बाकावर बसून ऐकत होतो. मला फार वाईट वाटले.

कायदाही आता शास्त्राच्या जवळ आला आहे. २०१९ च्या वेतन संहितेत रोजंदारीवरच्या कामगाराची मजुरी पाळी संपताच द्यावी, असे कलम आहे. ते पाळले जाते का, हे बघायला संध्याकाळी साइटवर कुणी येत नाही, तेव्हा पाळायचे की नाही हे ठेकेदाराच्या मनावरच राहते.

आणखी एक गोष्ट नव्वद दिवसांच्या दाखल्याची. राज्याच्या बांधकाम कामगार मंडळात नोंदणीसाठी वर्षभरात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तो ठेकेदारालाही देता येतो. कधी घमेले न उचललेली माणसे ओळखीने दाखला मागायला येतात, आणि ज्याने खरोखर काम केले त्याला सहीसाठी हेलपाटे घालावे लागतात. दहा आज्ञांत खोटी साक्ष देऊ नको असे आहे. माझ्यापुरता त्या आज्ञेचा अर्थ असा, की पहिल्याला सही द्यायची नाही आणि दुसऱ्याला मागण्याआधी द्यायची.

घर बांधणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे, की ठेकेदाराशी बोलणी करताना मजुरीची रक्कम वेगळी काढून द्या आणि शनिवारी संध्याकाळी एकदा साइटवर जाऊन पैसे पोचले का, हे मजुरांनाच विचारा. मंडळ्यांच्या पंचांनी बांधकामाचा पुढचा ठराव करताना त्यात एवढे लिहून घ्यावे, की मजुरीच्या रकमेसाठी एकच सही पुरेल आणि सही करणारा माणूस गावात असेल.

आपला,
एक बांधकाम ठेकेदार, अहिल्यानगर