नळी झिजते ती आगीने, घासण्याने नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतील नेमबाजीविषयीच्या लेखात ‘दहा हजार गोळ्या झाडल्या की रायफलची नळी बाद होते’ असे सरसकट विधान आहे. नागपुरात मुलांसाठी वापरलेली रायफल शोधणारे पालक आता बरेच झाले आहेत आणि या एका आकड्यावर विसंबून त्यांनी सौदा केला काय किंवा मोडला काय, फसगत होण्याचा संभव दोन्हीकडे सारखाच आहे. उमेदीची वर्षे शस्त्रदुरुस्तीच्या कामात गेल्यामुळे हे पत्र लिहिणे भाग पडले.

नळी गोळीच्या घर्षणाने झिजते, ही समजूत मुळातच अपुरी आहे. बाद झालेली नळी उभी चिरून पाहिली, तर तोंडाकडचे आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या नागमोडी खाचा, बहुधा शाबूत आढळतात. खराबी असते ती चेंबरच्या (काडतूस बसते त्या खोबणीच्या) लगेच पुढे, गोळी आट्यांत शिरते त्या काही इंचांत. तेथील पोलाद वैशाखात आटलेल्या बोडीच्या तळासारखे भेगाळलेले दिसते. दारूच्या ज्वाळेचे तापमान अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक असते आणि पोलाद तर सुमारे दीड हजार अंशांनाच वितळते. नळी तरीही टिकते, कारण हा मारा एका वेळी मिलिसेकंद-दीड मिलिसेकंदच चालतो. पाच हजार गोळ्या झाडलेल्या नळीने प्रत्यक्षात आग सोसलेली असते ती जेमतेम सहा-सात सेकंद! मात्र प्रत्येक वेळी पृष्ठभागाचा पातळ थर तापतो, वायूंतील कार्बन-नायट्रोजन शोषून ठिसूळ होतो, तडकतो आणि पुढच्या गोळीबरोबर त्याचा कण निघून जातो.

म्हणून खरा प्रश्न असा की, किती दारूची आग किती अरुंद वाटेने बाहेर पडते. याचे उत्तर रायफलीत नसून काडतुसाच्या रचनेत आहे. .308 विंचेस्टर या काडतुसाच्या पुंगळीची (दारू भरलेल्या धातूच्या नळकांड्याची) मान आवळून 1955 मध्ये .243 विंचेस्टर तयार झाले. पुंगळीचे पोट जवळपास तेच राहिले आणि दारूही दोन्हींत साधारण पावणेतीन ग्रॅम भरते. परंतु गोळीचा व्यास 7.82 मिलिमीटरवरून 6.17 मिलिमीटरवर आला, म्हणजे वाटेचे क्षेत्रफळ 48 चौरस मिलिमीटरवरून 30 वर उतरले. स्पर्धेच्या दर्जाची अचूकता .308 ची नळी पाच हजारांच्या आसपास गोळ्यांपर्यंत देते असा नेमबाजांचा ढोबळ हिशेब आहे, तर .243 ची नळी दीड-दोन हजारांतच कुरकुरू लागते. 2007 मध्ये आलेल्या 6.5 क्रीडमूर या काडतुसात याउलट पुंगळी बेताची ठेवून लांब, निमुळत्या गोळीवर भर दिला गेला आणि आयुष्य या दोहोंच्या मधे आले. पुंगळीच्या खांद्याचा, म्हणजे पोटाकडून मानेकडे उतरणाऱ्या भागाचा, कोन तीव्र असला की ज्वाळा मानेतच अडते आणि नळी वाचते, असेही सांगितले जाते. त्यात तथ्य असेलही, पण दारू आणि वाट यांच्या प्रमाणापुढे माझ्या मते ही बाब किरकोळ आहे.

दारूच्या जातीचा परिणाम किती होतो, याचा दाखला ज्या .303 रायफलीवर आपल्याकडील एन.सी.सी.च्या कित्येक पिढ्यांनी हात बसवला, तिच्याच इतिहासात आहे. तिचे काडतूस प्रथम काळ्या दारूचे होते आणि ली-मेटफर्ड रायफलीचे उथळ, गोलसर आटे त्या दारूची काजळी साचू नये म्हणूनच योजले होते. पुढे कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आली. तिच्यात सुरुवातीला 58 टक्के नायट्रोग्लिसरीन असल्याने ती इतकी उष्ण जळे की, ते उथळ आटे टिकेनात. 1895 मध्ये पाच खोल, चौकोनी खाचांची ली-एनफिल्ड स्वीकारावी लागली. त्यानंतर कॉर्डाइटमधील नायट्रोग्लिसरीनही 30 टक्क्यांवर आणले गेले. एका काडतुसाची दारू बदलली आणि तिच्यापायी रायफल बदलली.

पालकांचा संबंध येतो तो बहुतेक एअर रायफल आणि .22 शी. एअर रायफलीत आगच नाही, तेव्हा तो हिशेब तेथेच संपतो. .22 लाँग रायफल या काडतुसात दारू एक दशांश ग्रॅमच्या आसपास, गोळी मऊ शिशाची आणि तीही वंगण लावलेली. अशी नळी दहा हजारांत बाद होण्याचे कारणच नाही, ती त्याच्या कितीतरी पट चालते. तिला खरा अपाय होतो तो पुंगळीच्या कडेत भरलेल्या, दारू पेटवणाऱ्या स्फोटक मिश्रणातील काचेच्या पुडीने आणि त्याहून अधिक, सफाईची सळई वेडीवाकडी घालणाऱ्या हातांनी. मी पाहिलेल्या ‘बाद’ .22 नळ्यांपैकी निम्म्याअधिक सळईच्या बळी होत्या.

मोठ्या बोअरच्या (.22 पेक्षा जाड गोळीच्या रायफलींच्या) नेमबाजांनी मात्र एक पथ्य पाळावे. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जात असताना काडतुसे बंद मोटारीत ठेवली, तर दारू अधिक वेगाने जळते व दाब वाढतो. शिवाय आपल्या उन्हात तापलेली नळी निवायलाही वेळ लागतो, त्यामुळे लागोपाठ झाडलेल्या दहा गोळ्यांची झीज सावकाश झाडलेल्या दहांपेक्षा पुष्कळ जास्त होते.

तेव्हा वापरलेली रायफल घेताना विक्रेत्याला आधी काडतूस कोणते, त्यानंतर झाडण्याची गती काय आणि शेवटी गोळ्यांची संख्या किती, असे विचारावे. आणि बोअरस्कोप (नळीच्या आत पाहण्याची दुर्बीण) मिळाल्यास तो चेंबरकडून घालावा, कारण तोंडाकडून डोकावल्यास जवळजवळ प्रत्येक नळी चकचकीतच दिसते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शस्त्र-कारागीर, नागपूर