सहीच्या रकान्याविषयी शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

गेल्या शुक्रवारी माझी तिसरीतली मुलगी प्रगतिपुस्तक घेऊन घरी आली. ते माझ्या हाती देण्याआधी तिने दारातच उघडले आणि त्यातला शेरा बोट ठेवून, अडखळत, स्वतः वाचला: ‘वाचनात मागे. घरी सराव घेतला जात नाही.’ ‘सराव’ हा शब्द तिला पहिल्या खेपेस लागला नाही. तिने तो पुन्हा वाचला आणि मग माझ्याकडे पाहिले. कोणाच्या मदतीशिवाय तिने सलग वाचलेली ही बहुधा पहिलीच दोन वाक्ये, आणि ती तिच्या बापाविरुद्धची तक्रार होती.

शेरा लिहिणाऱ्या बाईंवर माझा राग नाही. त्यांच्या वर्गात 42 मुले आहेत आणि भाषेचा तास 35 मिनिटांचा आहे. बाईंनी हजेरी न घेता, फळ्याकडेही न वळता, केवळ प्रत्येकाचे वाचन ऐकायचे ठरवले तरी एका मुलाच्या वाट्याला 50 सेकंद येतात. (भागाकार मी स्वतः केला आहे, आपल्या खात्यात कोणाला सवड असल्यास तपासावा.) उरलेले वाचन घरी व्हायला हवे हे मला मान्य आहे आणि ते आपल्यालाही मान्य होते, कारण प्राथमिक शाळेतले प्रत्येक मूल दर आठवड्याला गोष्टीचे एक पुस्तक घरी नेईल, असे वर्षाच्या आरंभी आपणच जाहीर केले होते. त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

पुस्तक आजवर घरी आलेले नाही. शाळेत मात्र पुस्तके आली आहेत, मी ती डोळ्यांनी पाहिली आहेत. ती कपाटात आहेत आणि कपाटाला कुलूप आहे. चौकशी केली तेव्हा कळले की त्यांची नोंद जडसंग्रह नोंदवहीत झाली असून, पान फाटले किंवा प्रत हरवली तर भरपाई कोणी करायची या भीतीने ती मुलांच्या हाती देण्यास कोणी धजत नाही. गोष्टींची पुस्तके टेबल-खुर्च्यांच्या पंगतीला बसवून त्यांना जड ठरवणारी ही नोंदवही ज्या कोणी शोधून काढली, त्याने बालपणी काय वाचले असेल याचे मला कुतूहल आहे.

पुस्तकाऐवजी घरी आला तो तक्ता. तारीख, वाचलेले पान, लागलेली मिनिटे आणि पालकांची सही, असे त्यात चार रकाने आहेत. शिवाय महिन्यातून एकदा मूल वाचत असल्याचा फोटो ॲपवर चढवायचा. फोटोत मुलीच्या हातातले पुस्तक दिसते, ती ते खरोखर वाचते आहे की नाही हे दिसत नाही, आणि खात्याला बहुधा तेवढे पुरते. मीही सह्या केल्या आहेत, महोदय. रविवारी रात्री, एका बैठकीत, सात दिवसांच्या सात, आणि संशय येऊ नये म्हणून दोन वेगवेगळ्या पेनांनी.

आपण म्हणाल, मग बाप म्हणून तुम्ही काय केले? मी पाळ्यांमध्ये काम करतो. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात मी घरी येतो तेव्हा मुलगी झोपलेली असते आणि पहिल्या पाळीच्या आठवड्यात संध्याकाळी माझेच डोळे मिटत असतात. तरीही बसलो, पण कसे बसायचे हे मला कोणी सांगितले नव्हते. ती अडली की मी आवाज चढवायचो, आणि आवाज चढवूनही जमले नाही की ‘चित्र बघून सांग’ म्हणायचो. मग ‘होडी’ लिहिलेले असताना ती ‘नाव’ म्हणायची आणि मी खूश व्हायचो. अक्षरे न पाहता अंदाजाने शब्द फेकण्याची सवय तिला मीच लावली. ‘कि’ची वेलांटी आधी लिहायची आणि उच्चारायची नंतर, ‘सूर्य’मधला र आपली जागा सोडून य च्या डोक्यावर जाऊन बसतो, ‘चाक’मधला च वेगळा आणि ‘चंद्र’मधला वेगळा, हे सगळे आपल्या इतके अंगवळणी पडलेले असते की त्यात कोणी अडखळू शकते हेच सुचत नाही. मी तिला आळशी म्हणालो होतो. त्या शब्दाची लाज मला आपल्या शेऱ्यापेक्षा जास्त वाटते, पण ती तक्त्याच्या कोणत्या रकान्यात भरावी हे समजत नाही.

जे पुढे शिकलो ते इकडेतिकडे वाचून. मूल अडले की मनात पाच अंक मोजेपर्यंत गप्प राहावे. तरी जमले नाही तर शब्द सांगून टाकावा आणि ते वाक्य तिला पुन्हा पहिल्यापासून वाचू द्यावे. पुस्तक कठीण असेल तर दोघांनी एका आवाजात वाचावे आणि तिने खूण केली की आपण थांबून तिला एकटीला पुढे जाऊ द्यावे. दर दहा शब्दांत एकाहून जास्त ठिकाणी अडत असेल तर दोष तिचा नसतो, पुस्तक तिच्यासाठी जड असते (या अर्थाने मात्र ‘जड’ हा शब्द योग्य आहे). या चार गोष्टी सांगायला पालकसभेतली वीस मिनिटे पुरली असती. ती वीस मिनिटे ॲपमध्ये नोंदणी कशी करावी हे समजावण्यात गेली.

लंडनमधल्या हॅरिंगे या भागात 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात एक साधा प्रयोग झाला होता. लहान मुलांनी शाळेतून पुस्तक घरी न्यायचे आणि आईवडिलांना वाचून दाखवायचे, एवढेच. त्यांतल्या काही आईवडिलांना इंग्रजी वाचता येत नव्हते, काहींना नीट बोलताही येत नव्हते. 1982 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा दिसले की विशेष शिक्षकाकडून शाळेत जादा मदत मिळालेल्या मुलांपेक्षाही ही मुले वाचनात पुढे गेली होती. हे वाचल्यापासून मी माझ्या निरक्षर आईला नातीसमोर बसवतो. ती म्हणते, ‘मला वाचता येत नाही बाई, तू सांग पुढे काय झालं ते,’ आणि नात सांगते. अडचण एकच आहे: घरात पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे पुस्तक नाही, आणि त्यातला एक धडा नातीला आता इतका पाठ झाला आहे की पुस्तक उलटे धरूनही ती तो घडाघडा म्हणते. आपल्या ॲपला तो फोटोही चालला असता.

जागतिक बँकेने 2019 मध्ये सांगितले होते की अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतील दहा वर्षांच्या 53 टक्के मुलांना साधा मजकूर वाचून समजत नाही. महासाथीनंतर 2022 मध्ये हाच अंदाज 70 टक्क्यांवर गेला. म्हणजे दहातली सात मुले. या सातही घरांत पालकच बेफिकीर आहेत, असे आपल्या खात्याला खरोखर वाटते काय? की जे काम आपल्या हातून होत नाही त्याची जबाबदारी खालच्या पायरीवर ढकलण्याची रीतच पडली आहे? मंत्रालयाने अधिकाऱ्याकडे अहवाल मागायचा, अधिकाऱ्याने मुख्याध्यापकांकडे, मुख्याध्यापकांनी बाईंकडे, बाईंनी माझ्याकडे. आणि माझ्याखाली कोणीच उरत नाही म्हणून मी आठ वर्षांच्या मुलीवर ओरडायचे. या उतरंडीत प्रत्येकाजवळ कोणाची ना कोणाची सही आहे. पुस्तक कोणाजवळच नाही.

माझे मागणे मोठे नाही. पुस्तक फाटले वा हरवले तर शिक्षकांकडून भरपाई घेतली जाणार नाही, असे एका ओळीचे लेखी आदेश काढावेत आणि कपाटे उघडावीत. मुलाचे वाचन कसे ऐकावे हे प्रत्येक पालकसभेत एका मुलाला समोर बसवून दाखवावे, कारण माझ्या आईसारख्यांना त्यावरचे पत्रक वाचता येणार नाही आणि आपल्या खात्याची पत्रके मलाही दुसऱ्या वाचनात समजतात. आणि तक्त्यातला सहीचा रकाना काढून तिथे मुलाला त्या दिवशी काय आवडले ते एका शब्दात लिहू द्यावे.

या महिन्याचा तक्ता मी सहीचे सगळे रकाने कोरे ठेवून शाळेत पाठवला आहे. तळाशी एवढेच लिहिले आहे की पुस्तक घरी आल्याच्या दिवसापासून सह्या करीन. त्याबद्दल बाईंना जाब विचारला जाऊ नये, म्हणून तक्त्याची प्रत या पत्रासोबत जोडली आहे.

आपला,
तिसरीतल्या एका मुलीचा बाप