थकबाकीदाराला अभय, शहराला भुर्दंड

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मार्चअखेर जवळ आला की घरपट्टीच्या शास्तीत, म्हणजे उशिरा भरण्याच्या दंडात, पन्नास-पंचाहत्तर टक्के सूट देणाऱ्या अभय योजनांच्या बातम्या येऊ लागतात. शेवटच्या दिवशी किती कोटी जमा झाले, रात्री किती वाजेपर्यंत खिडक्या उघड्या होत्या, हेही छापून येते. वसुली झाली याचा आनंद समजण्यासारखा आहे. पण या सुटीची किंमत कोण भरतो, हे नागरिकांपुढे कधी नीट मांडले जात नाही, म्हणून हे पत्र.

आधी हिशेब पाहू. मुंबई सोडली तर राज्यातल्या बहुतेक महापालिकांत घरपट्टी करयोग्य मूल्यावर बसते. समजा ६० चौरस मीटरचे घर आहे आणि त्या भागाचा भाडेदर चौरस मीटरला दरमहा २० रुपये ठरला आहे. वर्षाचे अपेक्षित भाडे १४,४०० रुपये. दुरुस्तीपोटी १० टक्के वजा केले की करयोग्य मूल्य १२,९६०. सर्वसाधारण कर, पाणीपुरवठा लाभकर, मलप्रवाह कर, सफाई, अग्निशमन, वृक्षकर, शासनाचा शिक्षण कर असे सगळे मिळून ४५ टक्के धरले, तर बिल होते ५,८३२ रुपये. दर शहरागणिक वेगळे असतात, रीत हीच. मुदतीत भरले नाही तर दरमहा २ टक्के शास्ती लागते, म्हणजे महिन्याला सुमारे ११७ रुपये. हे एक बिल चार वर्षे थकवले की शास्ती ५,५९९ रुपये होते, जवळजवळ मूळ कराएवढी.

आता अभय योजना येते आणि ७५ टक्के शास्ती माफ होते. भरायची उरते ती १,४०० रुपये. तेच ५,८३२ रुपये चार वर्षे साडेसहा टक्के सरळव्याजाने मुदत ठेवीत ठेवले असते, तर व्याज मिळाले असते १,५१६ रुपये. म्हणजे ज्याने थकवले तो ११६ रुपये फायद्यात राहिला आणि ज्याने एप्रिल-मेमध्ये रांगेत उभे राहून भरले त्याला सर्वसाधारण करात थोडीशी सवलत मिळाली. योजना एकदा आली की लोक पुढच्या वर्षी तिची वाट पाहतात. हिशेब करणाऱ्या माणसाने वाट पाहणे चूक म्हणता येत नाही, चूक योजना आखणाऱ्यांची आहे.

महापालिकेचा खर्च मात्र मार्चची वाट पाहत नाही. पगार आणि निवृत्तिवेतन महिन्याच्या पहिल्या आठवड्यात द्यावे लागते. पंपिंग स्टेशनचे वीजबिल दरमहा येते, घंटागाड्यांच्या ठेकेदाराचे देयक दरमहा येते, कर्जाचा हप्ता ठरल्या तारखेला जातो. हे सगळे भागवून उरेल त्यातून देखभाल-दुरुस्ती. उरत नाही तेव्हा कात्री लागते ती दुरुस्तीलाच, कारण दुरुस्ती पुढे ढकलली तर त्या दिवशी कोणाची तक्रार येत नाही. डांबरी रस्त्याला पडलेल्या बारीक भेगा पावसाळ्याआधी सील कोटने, म्हणजे डांबराच्या पातळ थराने, बुजवल्या नाहीत, तर पाणी खालच्या खडीत उतरते, वाहनांच्या चाकांखाली खडी सुटते आणि जुलैत खड्डा पडतो. मग भर पावसात खड्डे बुजवण्याचा माल टाकायचा, तो आठवड्यात उखडतो आणि दिवाळीनंतर अख्खा थर नव्याने घालावा लागतो. पाणीपुरवठ्यात हेच होते. व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीचे ग्लँड पॅकिंग, म्हणजे गळती रोखणारी दोरी, झिजले की चेंबर पाण्याने भरून राहते. पॅकिंगची दोरी बदलणे अर्ध्या दिवसाचे, अल्प खर्चाचे काम. ते झाले नाही तर शुद्ध केलेले, वीज जाळून टाकीपर्यंत चढवलेले पाणी वर्षभर गटारात जाते, आणि पुरवठा बंद असताना वाहिनीतला दाब उतरला की चेंबरमधले घाण पाणी आत शिरण्याचा धोका वेगळाच.

स्वतःच्या करावर इतके बोलायचे कारण म्हणजे शहरांच्या हातात आता दुसरे फारसे काही उरलेले नाही. जकात हा शहरात येणाऱ्या मालावर शहराने स्वतः ठरवायचा आणि स्वतः गोळा करायचा कर होता. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये गेली, त्याबदली शासनाचे सहायक अनुदान आले. महापालिकांत जकातीच्या जागी २०१० पासून टप्प्याटप्प्याने एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना त्यातून सूट मिळाली आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू होताच उरलेला एलबीटी आणि मुंबईची जकात दोन्ही संपले. भरपाई कायद्याने बांधलेली आहे: २०१६-१७ हे आधारवर्ष आणि दरवर्षी ८ टक्के वाढ. मुंबई महापालिकेला जुलै २०१७ मध्ये मिळालेला पहिला धनादेश ६४७.३४ कोटींचा होता. ही भरपाई शहरांना तारते, यात शंका नाही. पण शहराची हद्द वाढली, नवी गावे आली, बाजारपेठ फुगली, तरी ती ८ टक्क्यांच्याच पावलाने चालते. पुण्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. प्रत्येक गावात जलवाहिनी, मलवाहिनी, पथदिवे लागतात आणि त्यांचा खर्च टक्क्यात बसत नाही.

वित्त आयोगाचा निधी बांधलेला येतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी दहा लाखांच्या आतल्या शहरांना दिलेल्या निधीत ६० टक्के रक्कम पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांनाच राखून ठेवली. उरलेल्या ४० टक्क्यांतून पगार करता येत नव्हता. शिवाय मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करणे आणि करवसुली राज्याच्या सकल उत्पन्नाच्या वाढीशी मेळ खाईल अशी वाढवणे, ही अट घातली. म्हणजे घरपट्टी गोठवली तर वरून येणारा पैसाही अडत होता.

आणि घरपट्टी गोठवली जाते. नगरपरिषदांनी दर चार वर्षांनी फेरआकारणी करायची असते, ती निवडणूक डोळ्यांपुढे ठेवून लांबवली जाते. मुंबईत घरपट्टी मालमत्तेच्या बाजारभावावर आधारलेल्या भांडवली मूल्यावर बसते; त्याची फेररचना २०२० मध्ये व्हायची होती, ती वर्षानुवर्षे पुढे गेली. दहा-पंधरा वर्षे दर हलवले नाहीत आणि मग एका झटक्यात दुप्पट-तिप्पट केले की मोर्चे निघणारच. नाशिकने २०१८ मध्ये हे अनुभवले. दर चार वर्षांनी दहा-बारा टक्के वाढ लोक सोसतात. थांबवून ठेवलेली वाढ कोणीच सोसत नाही, आणि शेवटी स्थगिती येऊन सगळे मूळ पदावर येते.

फेरआकारणी फसते त्याची कारणे बहुधा मोजणीतच असतात. काम खासगी संस्थेकडे जाते, ड्रोनने छत मोजले जाते, पण छताखाली राहते घर आहे, गोठा आहे की पत्र्याची पडवी, हे वरून कळत नाही. घरोघर जाणारा मुलगा दार बंद दिसले की अंदाजाने माप टाकतो. जिना, गच्ची, खिडकीवरचा छज्जा चटईक्षेत्रात धरला जातो. मालक राहत असलेल्या घरापुढे ‘भाडेकरू’ लिहिले जाते आणि दर वाढतो. एका इमारतीला जुना आणि नवा असे दोन मालमत्ता क्रमांक पडतात, दोन्हीवर बिले निघतात, त्यातले एक अर्थातच थकते. प्रारूप यादी लावली की हजारो हरकती येतात आणि सुनावणीत एकेकाला दोन मिनिटेसुद्धा मिळत नाहीत. यादी छापण्याआधी प्रत्येक प्रभागातली निदान पाच टक्के घरे पालिकेच्या स्वतःच्या कर निरीक्षकाने फीत घेऊन मोजावीत. चूक ठरावीक प्रमाणाबाहेर निघाली तर त्या प्रभागाची मोजणी संस्थेने स्वखर्चाने पुन्हा करावी, हे कार्यारंभ आदेशातच लिहिलेले हवे.

थकबाकीचा आकडाही असाच तपासून घ्यायला हवा. त्यात पाडून टाकलेल्या इमारती असतात, दुबार नोंदी असतात, न्यायालयीन स्थगिती असते. केंद्र सरकारच्या इमारतींवर कर बसत नाही, फक्त सेवाशुल्क घेता येते, तरी काही ठिकाणी पूर्ण कराची मागणी वर्षानुवर्षे पुढे ओढली जाते. मोबाइल टॉवरवर कर लावता येतो हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये स्पष्ट केले, पण बेकायदा टॉवरला लावलेली दंडात्मक आकारणी अजून वादात अडकलेली दिसते. फुगलेल्या थकबाकीवर शास्ती आणखी फुगते, आणि मग तीच माफ करून ‘एवढे कोटी वसूल’ म्हणता येते.

पाणीपट्टीची स्थिती घरपट्टीहून बिकट आहे. पुष्कळ शहरांत अर्धा इंची नळजोडणीला वर्षाची ठोक रक्कम, मग पाणी कितीही वापरा. पाच माणसांचे घर, माणशी रोज १३५ लिटर, म्हणजे वर्षाला सुमारे २४६ हजार लिटर. हजार लिटरला उत्पादन खर्च १८ रुपये धरला तर ४,४३५ रुपये होतात. ठोक पट्टी १,८०० असेल तर एका नळामागे २,६३५ रुपयांची तूट, आणि ती घरपट्टीतून किंवा जीएसटीच्या भरपाईतून भरली जाते. यात सर्वांत जास्त तोटा टँकर विकत घेणाऱ्या वस्तीचा होतो. तिला सवलतीचा नळच मिळालेला नाही, पण सवलतीची तूट भरून काढण्यात तिच्या गल्लीची गटारे मात्र राहून जातात.

अंदाजपत्रक वाचणाऱ्यांना एक विनंती. एकूण रकमेचा मथळा सोडा आणि जमेच्या बाजूला चार रकाने शेजारी शेजारी पाहा: मागच्या वर्षीची प्रत्यक्ष जमा, चालू वर्षाचा अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. प्रत्यक्ष जमा १०० आणि पुढचा अंदाज १८० असेल, आणि मधली वाढ विकास शुल्क, भूखंड विक्री किंवा ‘थकबाकी वसुली’ या शीर्षांत दिसत असेल, तर ती रक्कम येणार नाही असे समजा. तिच्या भरवशावर कामे मंजूर होतात, कार्यारंभ आदेश निघतात, देयके थकतात आणि पुढच्या वर्षी ‘दायित्व’ म्हणून पहिल्या दिवसापासून डोक्यावर बसतात. देयक वर्षभराने मिळणार हे ठाऊक असलेला ठेकेदार ते व्याज निविदेच्या दरातच धरतो.

कर्ज किंवा रोखे वाईट नाहीत. पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये समान पाणीपुरवठा योजनेसाठी ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटींचे रोखे काढले. पन्नास वर्षे टिकणारी जलवाहिनी एका वर्षाच्या घरपट्टीतून टाकणे शक्यही नाही. पण रोख्यांचा हप्ता आधी वेगळ्या खात्यात जाणाऱ्या कराच्या रकमेतूनच फिटतो. वसुली ढिली पडली तरी तो सुरक्षित राहतो आणि बाकीचे शहर मागे पडते.

म्हणून मागण्या थोड्या आहेत. शास्तीमाफी सरसकट नको. दुबार किंवा चुकीची आकारणी सिद्ध झालेल्यांना आणि खरोखर अडचणीतल्या छोट्या घरांना अर्ज करून मिळावी, पाच वर्षांत एकदाच. दरमहा २ टक्के जास्त वाटत असतील तर शासनाने कायद्यात बदल करून दर १ टक्का करावा, पण तो घ्यावा. मोठ्या व्यावसायिक थकबाकीवर बिल, मागणी नोटीस, जप्तीचे वॉरंट हा क्रम जूनमध्येच सुरू व्हावा, फेब्रुवारीत नव्हे. पाणीपुरवठ्याचा जमाखर्च स्वतंत्र छापावा. आणि एप्रिलच्या बिलामागची जी कोरी बाजू आहे, तिच्यावर त्या प्रभागाचे चार आकडे द्यावेत: गेल्या वर्षीची एकूण मागणी, वसुली, माफ केलेली शास्ती आणि त्या प्रभागातल्या रस्ते-गटारांच्या दुरुस्तीवर झालेला खर्च.

आपला,
नगरपालिका लेख्यांचा अभ्यासक, सातारा